स्मृतीची दौड

१९१९ साली डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावलेल्या शेतकऱ्यांना पाहून सर दोराबजी टाटांना ऑलिंपिक संघाची प्रेरणा मिळाली. १९८३ साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. अशा या नगरीत दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ धावणाऱ्यांनी टेरी फॉक्सचा आदर्श ठेवावा.

कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा कॅनेडियन तरुण १९८० साली कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. मित्र डग आल्वर्ड गाडी घेऊन सोबत होता. १९८१ साली टेरी निवर्तला. त्याच वर्षापासून त्याच्या नावे दौडी होऊ लागल्या. त्यांत चढाओढ नसते. निधी मात्र जमतो.

त्या निधीच्या पै-पैचा चोख हिशेब ठेवून तो रुग्णांच्या कामी लावणे, हीच मित्राला खरी श्रद्धांजली होय.