औषधदानाला ज्ञानदानाची जोड
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संकलित रूप)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने श्रावकाचे कर्तव्य मानली आहेत. धर्मादाय दवाखाने, तपासणी शिबिरे, रुग्णांना साहाय्य या रूपाने जैन समाजाने औषधदान मुक्त हस्ताने केले. परंतु आजच्या व्याधींपुढे केवळ औषधदान अपुरे पडते. त्याला ज्ञानदानाची जोड हवी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मधुमेह, रक्तदाब, संधिवात हे विकार बहुधा चाळिशीच्या सुमारास घरात येतात आणि कायमचा मुक्काम करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. असा रुग्ण दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटे डॉक्टरांसमोर बसला, तर वर्षाचा एक तास होतो. उरलेले ८,७५९ तास त्याला स्वतःच स्वतःला सांभाळावे लागते. त्या तासांचे शिक्षण कोण देणार?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी यासाठी गटशिक्षणाची पद्धत सिद्ध केली. आठवड्यातून एकदा अडीच तास, असे सहा आठवडे. आणि वर्ग घेणाऱ्यांत स्वतः दीर्घकालीन व्याधी सोसणारी व्यक्ती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहभागी रुग्णांचा व्यायाम वाढला व रुग्णालयात राहण्याचे दिवस घटले. केरळमध्येही सुमारे एक हजार व्यक्तींवर असा प्रयोग झाला. २०१८ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मधुमेह टळल्याचे निर्विवाद सिद्ध झाले नाही. मात्र मद्याचे सेवन घटले, आहारात फळे-भाज्या वाढल्या. म्हणून चमत्काराची अपेक्षा नको. सवयी बदलतात, हाच खरा लाभ.

नागपूरकरांना ही रीत अपरिचित नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य योगवर्गांतून, आधी शिकलेल्यांनी इतरांना शिकवावे, ही परंपरा शहरात रुजविली आहे. आपला स्वाध्यायही गटानेच चालतो.

आपल्या समाजाचे काही प्रश्न मात्र बाहेरच्या वर्गात सुटणार नाहीत. दशलक्षण पर्वात मधुमेही बंधू उपवास करतात. डॉक्टरांना उपवास सांगत नाहीत आणि मंदिरात आजार सांगत नाहीत. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरकाप, भ्रम ही त्याची लक्षणे होत. तेव्हा तत्काळ साखर दिलीच पाहिजे. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. शक्ती ओळखून केलेले तप हेच तप होय. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनामुळे रात्रीचे अंतर वाढते. सायंकाळच्या औषधाची वेळ व मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. शाकाहारी व्यक्तींत बी-१२ जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव अधिक असतो आणि मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने तो वाढतो. पायांची बधिरता नेमकी कशामुळे, हे तपासणीनेच कळते.

भगिनींचे मौन तर याहून खोल आहे. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्यानंतर हाडांची झीज वेगाने होते व हृदयविकाराचा धोका वाढतो. रजोनिवृत्तीनंतर थोडाही रक्तस्राव झाल्यास विलंब न करता तपासणी आवश्यक असते, कारण ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. “वयच आहे” असे म्हणून अनेक जणी हे अंगावर काढतात. दहा जणी एकत्र बसल्या की पहिली बोलते आणि दुसरीला धीर येतो.

माझी विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे. चातुर्मासाच्या प्रारंभी, पर्वाच्या आधीच, सहा रविवार असा वर्ग भरवावा. बारा-पंधरा जणांचा एक गट, भगिनींचा गट स्वतंत्र असावा. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय सक्करदऱ्यातच आहे, मेडिकलही जवळच आहे. तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळणे कठीण नाही. वर्ग मात्र समाजातीलच प्रशिक्षित रुग्णांनी चालवावा. औषधे बदलण्याचा सल्ला तेथे कोणीही देऊ नये. तो अधिकार डॉक्टरांचाच.

यास नवी वास्तू नको, मोठा निधी नको. एक सभागृह, काही सतरंज्या आणि आपला आजार मोकळेपणाने सांगण्याचे धैर्य पुरेसे आहे. पुढील पर्वात एकाही साधर्मीस आपले व्रत डॉक्टरांपासून किंवा आपला आजार समाजापासून लपवावा लागू नये, हीच मंगलकामना.

जयजिनेंद्र!