जाहिरातीचा पैसा आणि ‘गूगल टॅक्स’

दिवाळीच्या फराळाची जाहिरात आमच्या गटानं यंदा मोबाईलवर पैसे भरून दिली. ऑर्डरी बऱ्या आल्या. पण बैठकीत हिशेब मांडताना एक ताई म्हणाल्या, “आठवडी बाजारात टोपली घेऊन बसलं तरी पावती फाडावी लागते. मग या परदेशी कंपन्या इथं काही भरतात की नाही?”

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही माहिती काढली.

नफ्यावरच्या कराचा जुना नियम असा, की कंपनीची कचेरी जिथं, तिथं कर. जाहिरात पाहणारे आपण, पैसे देणारे आपण, पण बिल परदेशातून निघालं की नफाही तिकडचाच धरतात. म्हणून केंद्र सरकारनं १ जून २०१६ पासून अशा जाहिरातींवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही लावली. लोक तिला ‘गूगल टॅक्स’ म्हणू लागले. इथं कचेरी नसलेल्या परदेशी कंपनीला एखाद्या व्यावसायिकानं वर्षात १ लाखाच्या वर दिले, तर त्यातून ६ टक्के कापून सरकारजमा करायचे. आपल्यासारख्या गटांचा खर्च काही हजारांचा, त्यामुळे आपल्याला ती झळ नव्हतीच.

फ्रान्सनं २०१९ मध्ये बड्या डिजिटल कंपन्यांवर ३ टक्के कर बसवला, तेव्हा अमेरिका चिडली. आमच्याच कंपन्यांना धरता म्हणाली. गंमत अशी, की २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यानं डिजिटल जाहिरातींवर स्वतःचा कर आणला!

आपली ६ टक्क्यांची लेव्ही मात्र १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. आम्हाला हे पटलं नाही. पण दुसरी बाजूही आहे. ब्रिटननं २०२० मध्ये २ टक्के कर लावला, तर गूगलनं तेवढे टक्के जाहिरातदारांच्याच बिलात वाढवले. दूध महागलं की टपरीवरचा कप लहान होतो, त्यातलाच प्रकार. म्हणजे नुसता कर लावून भागत नाही, तो कुणाच्या खिशातून जातो तेही बघावं लागतं.

आणि हो, जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी दिसतो, तो कंपनीनं भरला असं समजू नका. तो आपल्याकडूनच घेतलेला असतो. कंपनीच्या नफ्यावरचा कर वेगळा. तेव्हा बिल डाऊनलोड करून गटाच्या फाईलला लावत जा, आणि हिशेब लिहिताना जाहिरातीची रक्कम नि जीएसटी वेगवेगळ्या रकान्यांत मांडा.