मनूची नाव, टिळकांचा बर्फ

ओंजळीतला चिमुकला मासा मनूला महापुराचा इशारा देतो. पुढे त्याच्याच शिंगाला नावेचा दोर बांधला जातो आणि नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. ही शतपथ ब्राह्मणातली कथा. महाभारतात त्या शिखराचं नावच नौबंधन.

बायबलमधल्या अशाच पूरकथेतल्या नोहाच्या तारवासाठी तुर्कस्तानातला अरारात पर्वत लोकांनी पालथा घातला. जवळच्या दुरुपिनारचा नावेसारखा आकार मात्र भूवैज्ञानिकांच्या मते नैसर्गिकच!

पुण्यात लोकमान्य टिळकांनी नावेऐवजी पुराचाच माग काढला. १९०३च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये त्यांनी मनूचा प्रलय पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या हिमसंकटाशी जोडला. आधार काय, तर पाणिनीच्या सूत्रानुसार ‘प्रलया’पासून साधलेला ‘प्रालेय’ हा शब्द. अर्थ, बर्फ. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्यांचा सिद्धान्त मात्र अभ्यासकांत रुजला नाही.