चौदावा दिवस
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'जगप्रवासी' अशी करून दिली, ती आधी दुरुस्त करतो. जग वगैरे काही नाही, एकच देश फिरलो, आणि आता तेही थांबलंय. गेलं दीड वर्ष मी अॅरिझोनातल्या टूसॉन गावी दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. या मेळाव्याचा फॉर्म आला तेव्हा नाव, रक्तगट, पत्ता असे रकाने होते. मागच्या वेळी, २०१८ साली, पत्त्यासमोर मी 'फिरता' असं लिहिलं होतं आणि स्वतःवर भलताच खूश होतो. या वेळी फ्लॅटचा नंबर लिहिला, तर बायको खांद्यावरून बघत म्हणाली, "अहो, पिनकोडपण घाला, पळून जायला वाव नको."

काहींना ठाऊक आहे, काहींना नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१६ साली, एकोणसाठाव्या वर्षी मी नोकरी सोडली, ओहायोतलं घर विकलं आणि एकतीस फुटी मोटरहोम घेतलं. आरव्ही म्हणतात तिकडे. पुढे ट्रकसारखी केबिन, मागे घर. पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं आत. आमचे देव ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फडताळात, खाली चिकटमाती लावून बसवलेले, म्हणजे घाटात हलू नयेत. सात वर्षं आम्ही दोघं त्यात राहिलो. हौसेची सहल नव्हे, दुसरं घरच नव्हतं.

घर नाही तर लायसन्स कुठलं, टपाल कुठे, असं सगळे विचारतात. साउथ डकोटा राज्यात फिरस्त्यांची सोय आहे. तिथे एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्या एजन्सीचा पत्ता दाखवला की वाहन परवाना मिळतो. एका रात्रीत मी तिथला रहिवासी झालो. आपल्याकडे रेशनकार्डाला बाबांनी किती खेटे घातले होते ते आठवून मला तेव्हा फार हसू आलं होतं.

पैशाचंही सांगतो, कारण चहाच्या वेळी तिघांनी विचारलं. बासष्ट पूर्ण झाली की ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो, आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं पडतं. त्याहून स्वस्त म्हणजे वाळवंटातली मोकळी सरकारी जमीन. तिथे फुकट राहा, पण बहुतेक ठिकाणी चौदा दिवस. मग मुक्काम हलवायचा. वीज नाही, नळ नाही. टाकीत दीडशे लिटर पाणी, त्यात दोघांचं सगळं. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, नळ चालू. सांडपाण्याची टाकी एक, संडासाची एक, आणि त्या भरल्या की डंप स्टेशनवर जाऊन जाड नळी जोडून रिकाम्या करायच्या. हे काम अर्थातच माझं. सर, तुम्ही मला अंकगणितात नापास केलं होतं. पण किती दिवसांत कुठली टाकी भरणार हा हिशेब सात वर्षांत माझा एकदाही चुकला नाही.

ग्रँड कॅन्यन, ग्लेशियर पार्क वगैरेचे फोटो तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिलेत, त्यात वेळ घालवत नाही. थांबलो का, ते सांगायला उभा राहिलोय.

मला काचबिंदू आहे. आईलाही होता. शेवटी तिला दिसेनासं झालं तेव्हा आम्ही भावंडांनी 'वय झालं' एवढंच म्हटलं. काचबिंदूत दुखत नाही, खुपत नाही. बाजूचं दिसणं हळूहळू जातं आणि मेंदू ती जागा अंदाजाने भरत राहतो, त्यामुळे गेलंय हे कळतच नाही. मला मात्र थोडं थोडं कळत होतं, आणि मी ते लपवलं. हे मी बायकोव्यतिरिक्त आज पहिल्यांदा बोलतोय. एका पेट्रोल पंपावर उजव्या अंगाने पिवळा खांब घासला, तेव्हा मी म्हणालो, आरसा मळला होता. दुसऱ्यांदा म्हणालो, ऊन डोळ्यांवर होतं.

एप्रिल २०२३. न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळच्या एका कॅम्पग्राउंडमधून सकाळी निघालो होतो. गाडी अगदी हळू. अचानक ही किंचाळली, "थांबा!" मी ब्रेक दाबला. उजवीकडे, चाकापासून हातभर अंतरावर, सायकलवर एक मुलगा. सहा वर्षांचा असेल. मला तो दिसलाच नव्हता. उशिरा दिसला असं नाही, दिसलाच नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि गेला.

बायकोने किल्ली काढली. ओरडली नाही. म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, "वर्षभर असेल." मग ही, जिने सात वर्षांत ती गाडी फार तर रिकाम्या मैदानात चालवली होती, खुर्ची पुढे ओढून बसली आणि टूसॉनपर्यंत, दोनशे मैलांवर, एकटीने घेऊन आली. तिथे डोळ्यांचे तज्ज्ञ होते म्हणून टूसॉन. वाटेत बराच वेळ गप्प होती. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "दोन वर्षं झाली, मी म्हणणार होते की आता पुरे. तुमची हौस म्हणून बोलले नाही." मी विचारलं, काय कमी होतं? म्हणाली, "डोक्यावरून बादलीभर पाण्याची आंघोळ. आणि एक झाड." खरं होतं. तिने कढीपत्त्याचं रोप एक वर्ष गाडीत जपलं होतं; कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर तपासणी नाक्यावर ते देऊन टाकावं लागलं. लिंबाच्या बागांची कीड त्या झाडावरून पसरते, त्यामुळे नियम रास्तच. पण त्या दिवशी ही जेवली नव्हती आणि मी समजत होतो तिला गाडी लागली.

तपासणीत एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालून, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो. मला वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचंय. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून उरलेलं राखायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवणं संपलं.

फ्लॅट मिळवायला गेलो तर अर्जात मागच्या घरमालकाचं नाव हवं. नाही. मागचे दोन पत्ते हवेत. एक टपालपेटी. ऑफिसातल्या मुलीने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही कुठून तरी सुटून आलोय. अॅरिझोनात दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत कायद्याने मागता येत नाही. तेवढी पुरेपूर घेतली. दुसरा मजला मिळाला, म्हणजे आपला पहिला.

बायको आठ दिवसांत तिथली झाली. कुंडी आली, तुळस आली, बादली आली. मी मात्र हास्यास्पद झालो होतो. पहिल्या रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणसळ ठेवून बघितलं, घर सपाट आहे का. ती एसी चालू असताना मिक्सर लावायला गेली की मी बाहेरून ओरडायचो, "आधी एसी बंद!" कारण गाडीत दोन्ही एकदम चालवलं की वीज जायची. नळ सुरू ठेवून ती भांडी घासायची आणि मला पोटात कसंतरी व्हायचं, टाकी भरत चालली म्हणून.

आणि चौदावा दिवस. दर चौदाव्या दिवसाच्या आसपास मला झोप यायची नाही. अंगच उठायचं. निघायचंय, आवरायचंय. रात्री दोनला मी खोलीत येरझारा घालायचो. तीन महिने माझे कपडे प्लॅस्टिकच्या डब्यांत होते, कपाट रिकामं. एका रात्री ही उठून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कपडे कपाटात लावा की."

मित्रांनो, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. इथे, साताऱ्यात. बाबा पाटबंधारे खात्यात. दर दोन-तीन वर्षांनी बदली. कोयनानगरच्या भूकंपानंतर तर आम्ही काही रात्री उघड्यावरच काढल्या होत्या. आठवीत या शाळेत आलो, आणि अकरावीला पुन्हा बदली आली तेव्हा आपल्यापैकी एकाच्या घरी मी वर्षभर राहिलो. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. त्याच्या आईने माझ्यासाठी कपाटाचे दोन खण मोकळे केले होते. मी वर्षभर कपडे ट्रंकेतच ठेवले. काकू दर रविवारी म्हणायच्या, "अरे, कपडे कपाटात लाव की." मी म्हणायचो, "लावतो, काकू." परीक्षा झाली, ट्रंक उचलली, गेलो. त्यांना काय वाटलं असेल हे मला सहासष्टाव्या वर्षी, रात्री दोन वाजता, टूसॉनमध्ये कळलं. काकू आता नाहीत. म्हणून त्याला सांगतो: लावायला हवे होते रे.

माझ्या येरझाऱ्यांनी खालचे गृहस्थ वैतागले होते. तांब्याच्या खाणीतून निवृत्त झालेले, माझ्याहून मोठे. एका सकाळी वर आले आणि स्वच्छ विचारलं, रात्री कोण चालतं? गाडीत असतो तर त्याच दुपारी किल्ली फिरवली असती. सात वर्षांत आम्ही एकाही शेजाऱ्याशी भांडण मिटवलं नाही. त्याची गरजच पडली नाही, निघून गेलो. इथे करार वर्षाचा होता. हिने चहा ठेवला. त्यांची पत्नी आजारी होती, तिची झोप मोडत होती. मी माफी मागितली आणि सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागलो, म्हणजे रात्री झोप लागावी. उजव्या बाजूला ते चालतात. खड्डा आला की हात धरतात.

त्यांच्यामुळे एक पूर्ण वर्ष एका जागी पाहिलं. उन्हाळा आला की आम्ही अॅरिझोना सोडून उत्तरेला पळायचो, त्यामुळे जुलैमधला तिथला पाऊस मला माहीतच नव्हता. तिकडेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. आधी धुळीची भिंत येते, मग धो धो पंधरा-वीस मिनिटं. आणि वास! तो तिथल्या क्रिओसोट नावाच्या झुडपाचा, आपल्या मातीचा नव्हे, पण नाक फसतं. मेमध्ये सग्वारो निवडुंगाला पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. त्याच्या शेजारून आम्ही सात हिवाळे गाडी नेली होती.

गाडी विकली, घेतली त्याच्या निम्म्यालाही नाही गेली. नव्या जोडप्याला टाक्यांचे हिशेब समजावताना तासभर गेला, त्यांना अर्ध्या तासातच कंटाळा आला होता.

समितीने घड्याळ दाखवलंय, थांबतो. तुम्हाला एकच विनंती, आणि ती मेळाव्याची नाही. आपण सगळे सदुसष्टच्या आसपास आहोत. घरात कोणाला काचबिंदू असेल तर, दिसतंय म्हणून बसू नका, दाब तपासून घ्या. बाजूचंही.

एक राहिलं. गाडी चालताना स्टीलच्या ताटांचा खडखडाट होऊ नये म्हणून ही दोन ताटांच्या मध्ये टॉवेल घालून ठेवायची. फ्लॅटमध्येही तिने ती सवय सोडली नव्हती. सगळ्यात लवकर रुळलेली तीच, आणि हे मात्र राहिलं होतं. गेल्या दिवाळीत पाहुणे आले, घाईत टॉवेल कुठेतरी गेला. रात्री सगळे गेल्यावर ताटं मी लावली. एकमेकांवर ठेवताना खणखणीत आवाज झाला. आम्ही दोघंही एकदम दचकलो, आणि मग ही म्हणाली, "असू द्या."