मोजून साठ मिली

सर, बाई आणि दहावी 'ब'च्या सगळ्यांनो, तुमच्यासमोर हे बोलताना आजही हात आपोआप पाठीमागे जातात. पण विचारलंत म्हणून सांगते. मोठा ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. बर्फ कमी असला की लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. ६० मिली जिन, १२० मिली फ्रिजमधलं टॉनिक कडेने ओता, लिंबाची फोड पिळा, चमचा एकदाच फिरवा. टॉनिकचा कडूपणा क्विनाइनचा, म्हणजे बाईंच्या त्या सिंकोनाच्या सालीचा.

२०२० मध्ये घरून काम करताना मी अंदाजानेच ओतायचे. एकदा लेकीने बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवली. बोलली काहीच नाही. तेव्हापासून माप आलं. ग्लास एकच, तोही शनिवारी. ती रेघेची बाटली अजून आहे, तिच्यात मनीप्लांट लावलाय.