व्हिएन्नाच्या नाचवाल्या बाई

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसे. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. आज हिटलरच्या छळातून निसटलेल्या एका ज्यू बाईंबद्दल बोलणार म्हटल्यावर एका कार्यकर्त्याने विचारलं, दादा, विहारात ज्यूंचं काय काम? प्रश्न रास्त आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या वस्तीसाठी 'घेट्टो' हा शब्द वापरला, तो मूळचा ज्यूंच्याच कोंडलेल्या वस्तीचा. आणि आकाशवाणीची जी धून ऐकून आम्ही पहाटे डबा उचलायचो, ती वॉल्टर कॉफमन या मुंबईत आश्रयाला आलेल्या ज्यू संगीतकाराची मानतात.

तर बाईंचं नाव हिल्डे होल्गर. जन्म १९०५. व्हिएन्ना शहरात त्यांची स्वतःची नाचाची शाळा होती. मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि ज्यूंना रंगमंच बंद झाला. काल टाळ्या वाजवणारे लोक आज पायरीवर उभे करीनात. हे आपल्याला समजावून सांगायला नको. १९३९ साली बाई मुंबईला पोचल्या. आई, बहीण मागे राहिल्या. त्यांना आणि घरातल्या बाकी कितीतरी माणसांना नाझींनी मारून टाकलं.

इथली तऱ्हा बघा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तसं इंग्रज सरकारने जर्मन-ऑस्ट्रियन पुरुष उचलून अहमदनगरच्या छावणीत कोंडले. त्यात हिटलरपासून पळालेले ज्यूसुद्धा! चौकशीनंतर बरेच सुटले.

बाईंनी एका पारशी डॉक्टरांशी लग्न केलं. १९४१ साली मुंबईत पुन्हा शाळा काढली. धर्म, वंश न बघता मुलं घेतली. फाळणीच्या दंगलींनंतर १९४८ मध्ये लंडन गाठलं, म्हणजे दुसऱ्यांदा बिऱ्हाड मोडलं. तिथे मुलगा झाला, तो डाऊन सिंड्रोम घेऊन. हिटलरच्या राज्यात अपंग, मतिमंद म्हणून हजारो माणसं सरकारी डॉक्टरांनीच मारली होती, हे ध्यानात घ्या. बाईंनी मुलाला नाच शिकवला, मग त्याच्यासारख्या इतरांना. १९६८ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नामांकित नाट्यगृहात त्या मुलांना घेऊन त्यांनी कार्यक्रम केला. २००१ साली, ९५ व्या वर्षी त्या गेल्या.

हे वाचलं आणि आम्हाला आपल्याच चाळीतली एक मुलगी आठवली. तीही तशीच. मागच्या भीमजयंतीला नटूनथटून नाचायला आली होती. कार्यक्रम बिघडेल म्हणून तिला पडद्यामागे बसवलं. दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच. पुढे गाणं चालू होतं आणि ती मागे बसल्या जागी हात हलवत होती. यंदाच्या यादीत तिचं नाव आम्ही पहिलं लिहिलं आहे. तालमी रविवारपासून, संध्याकाळी, इथेच.

जयभीम.