नजरेला नजर कशासाठी?



"इकडं बघ, माझ्या डोळ्यांकडं बघ!" स्वमग्न मुलाला हे वाक्य दिवसभर ऐकावं लागतं. आता हा सराव मोबाईलही करून घेतो. सॅमसंगनं २०१४ मध्ये 'लुक ॲट मी' नावाचं ॲप आणलं. त्यात मुलानं फोटोतल्या चेहऱ्यांवरचे भाव ओळखायचे आणि कॅमेऱ्यासमोर तसेच भाव करून दाखवायचे. वीस मुलांनी आठ आठवडे ते वापरलं आणि साठ टक्के मुलांची नजर जुळू लागली, असं कंपनीनं सांगितलं. वीस मुलं म्हणजे एका अंगणवाडीचा पट. तेवढ्यावरून सगळ्या मुलांचं भाकीत करता येत नाही.

शिवाय फोटोतला माणूस उलटून बघत नाही. खरा माणूस बघतो, आणि काही मुलांना तेच सोसत नाही. बोस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्वमग्न व्यक्तींना चेहऱ्यातल्या फक्त डोळ्यांच्या भागाकडं बघायला लावलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतले भावनांशी निगडित भाग गरजेपेक्षा जास्त चेतवले गेले. तेव्हा नजर चुकवणं हा दर वेळी हट्ट नसतो. कधी तो बचावही असतो. अशा मुलाची हनुवटी धरून तोंड वर करणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं.

मग करायचं काय? आमच्या कसबा बावड्यात हंगाम सुरू झाला, की उसानं भरलेले ट्रॅक्टर राजाराम कारखान्याकडं निघतात. पोरगं ट्रॅक्टर बघतं, तेव्हा आपणही तिकडंच बघावं. "केवढा ऊस!" म्हणावं आणि जरा थांबावं. कधी ते ट्रॅक्टरकडून आपल्याकडं बघतं आणि पुन्हा ट्रॅक्टरकडं वळतं. एकाच गोष्टीत दोघांचं मन रमणं, ही बोलण्याची पहिली पायरी. नजर त्यासाठी हवी. ॲप वापरायचंच असेल, तर मुलाच्या शेजारी बसून वापरा. पोराच्या हातात मोबाईल देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो, तर हा धडा राहूनच जातो.

नऊ महिन्यांचं बाळ नावाला ओ देत नाही, वर्षाचं झालं तरी टाटा करत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून "ते बघ" असं सुचवत नाही, हे स्वमग्नतेचे इशारे असू शकतात. यातलं काही दिसलं तर "ह्याच्या बापालाही बोलायला उशीरच झालावता" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मोफत तपासणी करतं. तिथं सांगा, नाहीतर सरळ बालरोगतज्ज्ञांना भेटा.

आणि शाळेतल्या गुरुजींना, बाईंना एक विनंती. मूल खिडकीकडं बघत असेल, तर ते ऐकत नाही असं धरून चालू नका. त्याला प्रश्न विचारा. ऐकत होतं की नव्हतं, ते त्याचं उत्तर सांगेल.